हादरे मोजण्याचा चौथरा
ओल्या सिमेंटचा वास आला की अजून माझं डोकं सणकतं. भूकंपानंतर लातूरच्या आमच्या कॉलेजात हादरे मोजणारं परदेशी यंत्र येणार होतं. त्यासाठी एका खोलीत नव्यानं बांधलेल्या चौथऱ्यावर किल्लारीचा आमचा शिपाई रोज पाणी मारायचा. पण यंत्राच्या कंपनीचा गोरा आला तो रिकाम्या हातानं. म्हणाला, "मला विकायचंय हो, पण आमचं सरकार परवाना देत नाही. हे यंत्र बॉम्बच्या चाचणीलाही चालतं. तुम्ही बॉम्ब बनवणार नाही कशावरून?" मी ते शिपायाला मराठीत सांगितलं. त्यानं गोऱ्यापुढचा चहा उचलून घेतला. "इचारा त्याला, माझी दोन लेकरं ढिगाऱ्याखाली गेली, ती काय बॉम्ब बनवत व्हती?" हे मात्र मी इंग्रजीत सांगितलं नाही, म्हणून त्या गोऱ्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो. यंत्र आलंच नाही; आता त्या खोलीत कोचिंग क्लास भरतो. सर बूट घालून त्याच चौथऱ्यावर चढतात आणि भूकंप शिकवतात.