पाय धुण्याचा गुरुवार

मुरबाडच्या बाजूला, सिद्धगड समोर दिसतो त्या भागात, एका मिशनचं मुलींचं वसतिगृह आहे. माझी आई तिथं अकरा वर्षं स्वयंपाक करत होती. आठवडाभर तिथंच राहायची आणि रविवारी शेणव्याला घरी यायची. आम्ही बौद्ध. तिथं कुणी आम्हाला धर्म विचारला नाही, आईनंही त्यांचा कधी विचारला नाही. पाड्यांवरून आलेल्या मुली तिला मावशी म्हणायच्या. तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

मग व्यवस्था बघायला नवे फादर आले. त्यांनी ऑफिसच्या पडवीत पांढऱ्या फरश्या बसवून घेतल्या. त्या वर्षी आवणीच्या दिवसांत वसतिगृहाच्या शेतात माणसं कमी पडली, म्हणून स्वयंपाकाच्या बायकांनाही लावणीला उतरवलं. मी शहापूरला रक्त तपासणीच्या दवाखान्यात काम करते. त्या दिवशी आईच्या गुडघ्याचं औषध द्यायला मी तिथं गेले होते. आई शेतातच होती आणि तेवढ्यात फादरांनी तिला निरोप पाठवला, लगेच ये. ती गेली. मी मागून गेले. तिच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. पडवीत दोन मुलींचे पालक बसलेले होते.

"हे पाय घेऊन वर येऊ नकोस," फादर म्हणाले. "कुत्रं तरी अंग झाडून येतं."

आई एक पायरी उतरली. फरशीवर तिच्या पावलांचे दोन ठसे उठले होते. ते तिनं वाकून पदरानं पुसले आणि खाली उभी राहून विचारलं, "काय काम होतं?" काम एवढंच होतं, की संध्याकाळी दोन पाहुणे जेवायला आहेत.

मी तिच्यावर ओरडले, आत्ताच्या आत्ता घरी चल. ती चिडली. "पोरींना जेवाया कोन घालील? तू?" आठवडाभर आम्ही बोललो नाही. तिच्यावर ओरडले याचं मला वाईट वाटलं, पण फादरांचा राग जास्त होता आणि तो कमी झाला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये एक सिस्टर हातात यादी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी आवारातल्या चॅपलमध्ये बारा जणांचे पाय धुतात, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी पुरुषच घ्यायचे, आता बायकाही चालतात. आमच्या भागात कॅथलिक घरं अशी थोडीच. ड्रायव्हर, वॉचमन, शिक्षक धरून अकरा नावं झाली होती. बारावं आईचं लिहिलं.

"फादर तुमचे पाय धुणार, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "गुरुवारी पाय नीट घासून या. नखंही काढा."

आईनं रविवारी हे घरी येऊन सांगितलं. मी विचारलं, "पाय धुवायला जाताना पाय धुऊन जायचे?" ती म्हणाली, "हे कशापायी करतात तेवढं विचार ना कुनाला तरी."

आमच्या दवाखान्यात वसईकडची एक बाई कामाला आहे, कॅथलिक. माझ्याहून वयानं मोठी, स्वभावानं कडक. तिला मी डबा खाताना विचारलं. तिनं नीट सांगितलं. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूनं कमरेला पंचा बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी ते घरातल्या गड्याचं काम. एक शिष्य म्हणाला, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत. पण त्याचेही धुतले, आणि मग सगळ्यांना सांगितलं, मी केलं तसं तुम्ही एकमेकांचं करा.

"म्हणजे वर्षातून एकदा," मी म्हणाले.

तिनं डबा बंद केला. "टोमणे मारायचे होते तर मला कशाला विचारलंस?"

मी तिला पडवीतला प्रकार सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि डबा धुवायला उठली.

ऐकलं ते सगळं मी आईला फोनवर सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तो पाय धुवू देत नव्हता, त्याला मारलं का?" नाही म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी मी रजा टाकून गेले. चॅपल भरलेलं होतं. मुली खाली बसल्या होत्या, बारा जण पुढच्या बाकांवर. आईनं टाचांच्या भेगा दगडानं घासून लाल करून घेतल्या होत्या, वर व्हॅसलीन लावलं होतं. मला ते बघवेना. फादरांनी वरचा झगा काढला, कमरेला टॉवेल बांधला. एक मुलगी परात धरून होती. प्रत्येकाचा उजवा पाय पुढे, त्यावर जगमधून जरासं पाणी, टॉवेल टेकवायचा, ओठ टेकवल्यासारखे करायचे की पुढचा. माझ्या आजीला विहिरीवर लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. हा माणूस गुडघ्यांवर होता, तरी मला तेच आठवत होतं.

आई नववी होती. फादर तिच्यापुढे बसले आणि तिनं पाय मागे घेतला.

"पाय पुढे करा," ते हळू म्हणाले.

"करते. आधी सांगा, त्या दिवशी मला पडवीतून खाली का उतरवलं."

आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या चार रांगांना ऐकू गेला. गाणाऱ्या मुली गातच होत्या, पण गाणं पातळ झालं.

"आत्ता नको. नंतर बोलू."

"नंतर तुमी हापिसात असता. तितं मला येता येत नाय."

फादरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मला असं काही आठवत नाही," ते म्हणाले.

"मला आठवतं," आई म्हणाली. ती उठली, साडी सारखी केली आणि बाकांमधल्या वाटेनं बाहेर गेली. मी मागून धावले, तर ती स्वयंपाकघरात. मुलींच्या आमटीला फोडणी द्यायची राहिली होती. तिच्या हातून मोहरी अर्धी बाहेर सांडली. मला मात्र त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

ईस्टरनंतरच्या सोमवारी बोलावणं आलं. आई पडवीच्या खालीच उभी राहिली. मी फरशीवरून चपलांसकट आत गेले.

"तुमच्या आईंनी आमच्या पवित्र दिवसाचा अपमान केला," फादर म्हणाले.

"कुत्र्याची उपमा तुम्ही दिली होती. मी तिथं होते. दोन पालक होते, त्यांनाही विचारा."

"रागात माणूस काहीतरी बोलतो."

"मग एवढंच तुम्ही तिला तिथं सांगायचं होतं. तिनं तेवढंच मागितलं. तो दिवस त्यासाठीच असतो ना?"

"आता तुम्ही मला धर्म शिकवणार?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघत सांगितलं, जूनपासून दुसरी बाई बघितली आहे. सिस्टर दारात होत्या. आईशी अकरा वर्षांची ओळख होती, पण त्या फरशीकडे बघत राहिल्या.

दवाखान्यात मी हे सांगितलं तेव्हा वसईची बाई म्हणाली, "भर मिस्सेत, उपासना चालू असताना, नव्हतं करायचं तिनं. तो आमचा मोठा दिवस आहे." आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवसांनी तिनं तिचं बायबल आणून माझ्या टेबलावर ठेवलं, मध्ये कागद घातलेला. "मी जे सांगायचं टाळलं ते वाच," म्हणाली. वाचलं. त्या बारा शिष्यांत एक जण येशूला पकडून देणार होता, येशूला ते माहीत होतं, तरी त्याचेही पाय धुतले. पाय धुणाऱ्यानं आधी कुणाकडून काहीच कबूल करून घेतलं नव्हतं. आईनंही आधी कबुली मागायला नको होती, असं ती बाई सुचवत होती, ते मला कळलं. मी पुस्तक परत केलं आणि म्हणाले, "यातला पाणी ओतणारा कोण आणि पाय असलेली कोण, ते आधी नीट बघ." ती म्हणाली, "बघितलंय. म्हणूनच फादरांना पत्र लिहिलंय मी." त्याचं उत्तर तिला कधी आलं नाही.

मला त्या दिवसाचा अर्थ कळला, असं मी म्हणते. वाकणाऱ्याला काहीतरी सोसावं लागलं पाहिजे, नाहीतर ते नुसतं पाणी. पण तो कळून माझा राग तसूभर कमी झाला नाही. फादरांची दुसरीकडे बदली झाली तेव्हा मी पेढे आणले. आईनं एकही खाल्ला नाही.

ती आता शेणव्यालाच दुसऱ्यांच्या शेतावर जाते. मागच्या महिन्यात भात निवडता निवडता म्हणाली, "तू मला ती येशूची गोष्ट सांगितली नसती, तर मी गप पाय पुढं केला असता."

"बरं वाटलं असतं तुला?"

"नाय. पन तितल्या माज्या पोरी दहावीपर्यंत माज्या हातचं जेवल्या असत्या."

मी म्हणाले, चूक त्यांची होती. ती म्हणाली, "ते मला ठावं हाय, गो." आणि सूप घेऊन उठून अंगणात गेली.