मल्लाप्पाची चित्रवही

आमची पोस्ट सोळा हजार फुटांवर होती. मी हवालदार, गाव माण तालुक्यातलं. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सगळे मोर्चात, सातला चहा, नऊला खालच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी. तीन महिने दुसरं काही नाही.

नायक मल्लाप्पा बिराजदार जतचा. घरी कानडी, आमच्याशी मराठी. त्याच्याजवळ एक जाड चित्रवही होती. ड्यूटी संपली की बंकरच्या तोंडाशी बसून पेन्सिलीनं काढत राहायचा.

एकदा मी म्हणालो, "हितं काय हाय रं काढण्यासारखं?"

"उस्ताद, जतच्या माळावर तरी काय हाय? एका जागी धा मिनिटं बगा. मग दिसतंय."

त्यानं मला एका खडकासमोर बसवलं. त्याच खडकावर पाय ठेवून मी रोज बुटाची नाडी बांधायचो. बऱ्याच वेळानं मला त्यावरचं दगडफूल दिसलं. नखाएवढं, नारिंगी, काठाला चुण्या पडलेलं. त्या दिवशी मी पहिलं चित्र काढलं. वाईट आलं. मल्लाप्पा हसला नाही.

मग दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या सकाळी आभाळ उघडलं. पेट्रोल पाठवायचं की नाही, हे माझ्यावर होतं. मी पाठवलं. मल्लाप्पा धरून चार जण, कमांडर तोच.

नऊ चाळीसला रेडिओवर त्याचा आवाज आला. "नाल्यापाशी पोचलो. ओव्हर."

"एकेक करून पार करा. अंतर ठेवा. ओव्हर."

"रॉजर."

नऊ बावन्नला वरून गडगडाट झाला. नंतर रेडिओवर दुसराच आवाज. "उस्ताद, आमी तिघं पार झालो. नायक शेवटी होते. बर्फ आलं. दिसंनात."

आम्ही पस्तीस मिनिटांत पोचलो. सळ्या खुपसत शोधलं. पावणेबाराला हातमोजा लागला. त्याला बाहेर काढलं तेव्हा नाडी नव्हती.

सुट्टीवर आलो तेव्हा चित्रवही घेऊन जतला गेलो. त्याची बायको गौरव्वा हिनं सगळी पानं उलटली.

"ह्यात आमी कोणच न्हाई," ती म्हणाली. मग विचारलं, "त्या दिवशी त्यास्नी कुणी पाठवलं?"

"मी."

तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. "मग ही तुमीच ठेवा."

आता मी रिटायर आहे. वहीची कोरी पानं भरतो. माणच्या माळावर बसतो. हिवराचे काटे, चितूर, मेंढरांनी कुरतडलेली बाभळ. दरवर्षी दिवाळीनंतर वही घेऊन जतला जातो. गौरव्वा चहा देते, पानं बघते, वही परत देते.

गेल्या खेपेला ती एका पानावर थांबली. फुललेला तरवड होता.

"आमच्या बांधावर हाय ह्यो," ती म्हणाली. "सुट्टीवर आलं की पैला तितं जाऊन बसायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे न्हाईत. लय राग यायचा मला."

इतक्या वर्षांत त्याच्याविषयी ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. मी मान खाली घालून ऐकत राहिलो.