बाळारामचे कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आम्हा दोघांना ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल.

मला डावा हात कोपरापासून खाली नाही. तरी मी पोहायचो, आणि बरा पोहायचो — अपंगांच्या राज्य स्पर्धांत काही वर्षं पन्नास मीटर फ्रीस्टाइलला पहिला आलोय. नव्वद सालाच्या आगेमागे डोंबिवलीत माझे सत्कार व्हायचे, गणपतीत मंडळवाले स्टेजवर बोलवायचे. मी जिद्दीवर बोलायचो. आणि शेवटी हमखास म्हणायचो, "माझा मित्र बाळाराम — त्याला मी केव्हाच माफ केलंय." लोक टाळ्या वाजवायचे. तो मागच्या रांगेत असायचा, मान खाली घालून.

कशाबद्दल माफ केलं? ते सांगायला हवं.

मानपाड्याजवळ एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघं पत्रा दाबून आकार देणाऱ्या एकाच पॉवर प्रेसवर होतो. मी पत्रा ठेवायचो, हात बाहेर काढायचो, "दाब" म्हणायचो, की बाळाराम पायाने पेडल दाबायचा. दिवसभर हेच. त्या दुपारी माझा हात आत असताना प्रेस खाली आली.

हॉस्पिटलात मालकाचा माणूस आला. चूक कोणाची, त्याने विचारलं. खाटेशी आई उभी होती, दाराशी बाळाराम. त्याचे दोन्ही हात मला दिसत होते — नीट, जागच्या जागी. मला काय वाटलं सांगू? दगा झाला, असं वाटलं. कोणी केला, ते ठरायचं होतं अजून. मी म्हणालो, "मी दाब बोललोच नव्हतो."

बाळाराम भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मना वाटला, तू बोल्लास."

सगळ्या मशिनी चालू असताना — कोण शपथेवर सांगणार? त्याला कामावरून काढलं. आईने त्याला घरात घेणं बंद केलं. तो कल्याणला जाऊन डॉक्टरकडून कान तपासून घेऊन आला. कान चांगले निघाले, तरी पुन्हा कधी मशीनवर उभा राहिला नाही. डोंबिवलीशेजारच्या कोपर गावात त्याचं घर. बापाबरोबर खाडीत जाळी टाकायला लागला.

आणि मला पाण्यात त्यानेच उतरवलं. वर्षभर मी घरातून बाहेर पडत नव्हतो. एका सकाळी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला — "चल, खाडीवर जाऊ." मी गेलो. का गेलो? बहुतेक त्याला दुखवायची आणखी एक संधी म्हणून. एका हाताने पोहणारा माणूस गोल फिरत राहतो. तो माझ्याशेजारी पोहत मला सरळ करायचा. पुढे ठाण्याच्या तरणतलावात, सकाळची जाळी सोडून, काठाने माझ्याबरोबर चालायचा. मी श्वासाला उजवीकडे मान वळवली की तो दिसला पाहिजे. दिसला, म्हणजे मी सरळ चाललोय.

पहिलं पदक मिळालं तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? आई निवळली, त्याला चहा द्यायला लागली — तेव्हा? नाही सांगितलं. त्याला अपराधी वाटत होतं, आणि ते मला सोयीचं होतं. ज्याला माफ केलं, तो माणूस रोज येतो.

बघा, अजून टाळतोच आहे.

मी "दाब" म्हणालो होतो. मोठ्याने, नेहमीसारखा. मग पत्रा तिरका बसलेला दिसला, आणि मी हात परत आत घातला. त्याने बरोबर ऐकलं होतं.

इथे संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढे त्यानेच मला विचारलं. अपघातानंतर बारा-तेरा वर्षांनी, माझी शेवटची स्पर्धा झाल्यावर. कारखाना बंद पडलेला, मालक वारलेला. खरं सांगून माझं काहीही जाणार नव्हतं. आम्ही तलावाच्या पायऱ्यांवर बसलेलो. तो म्हणाला, "एक इचारू? तू खराच नव्हता बोल्लास? मी कोनाला सांगनार नाय. मना फकस्त समजला पायजे."

मी त्याच्याकडे बघून म्हणालो, "नाही रे बाळाराम. नव्हतो बोललो."

तो म्हणाला, "मंग माजीच चूक."

ओल्या बोटांनी मला शर्टाची बटणं जमायची नाहीत. त्याने ती लावून दिली, वरपासून खालपर्यंत एकेक, आणि आम्ही घरी निघालो.