लेझरच्या खुर्चीतली धडधड

आमच्या क्लिनिकमध्ये किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये एका जुन्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर आमच्या डॉक्टर मॅडम लेझरनं चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कमी करतात. मी त्यांची असिस्टंट. लेझरच्या आधी पेशंटच्या चेहऱ्याला बधिर करणारी क्रीम लावून बराच वेळ बसवावं लागतं. त्या वेळात बिचाऱ्याला दोनच कामं. घाबरायचं, आणि माझ्याशी बोलायचं!

* * *

एक रिटायर्ड कर्नलसाहेब आले होते. मूळचे साताऱ्याचे, नोकरी संपल्यावर इथंच राहिलेले. मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि फोटोत डोळ्यांभोवतीचं जाळं दिसायला नको होतं. आवाज असा की वेटिंग रूममधली माणसं सरळ होऊन बसायची.

"चला, सुरू करा! उगाच वेळ नको!"

लेझरचा उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी त्यांच्या डोळ्यांवर झाकणं ठेवली. मशीनचा पहिला 'टक' असा आवाज झाला, आणि साहेबांनी माझा हात असा धरला की बांगडीच वाकली!

मी म्हटलं, "साहेब, अजून तुम्हाला लावलंच नाही. मॅडम लाकडाच्या पट्टीवर टेस्ट करून राहिल्या."

साहेबांनी हात काही सोडला नाही. हळूच म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण बॉर्डरवर समोरचा दिसत तरी होता!"

* * *

पाठकबाई बँकेत ऑफिसर, पुण्याहून बदली होऊन आलेल्या. त्यांचा डावा गाल झाला, उजवा सुरू होणार, आणि लाइट गेली!

इन्व्हर्टरवर आमचा पंखा फिरतो, लेझर चालत नाही. डॉक्टर मॅडमना घाम फुटला. पाठकबाई आरसा मागून राहिल्या होत्या, मी देत नव्हते. शेवटी मी वीज ऑफिसला फोन लावला. "भैया, लाइट कब आएगी?"

"शाम तक समझ लो, दीदी."

नेमका फोन स्पीकरवर होता. पाठकबाईंनी डोळ्यांवरची झाकणं काढली आणि उठून बसल्या.

"म्हणजे संध्याकाळपर्यंत मी डावीकडून जॉइनिंग आणि उजवीकडून रिटायरमेंट?"

लाइट त्याच्या बऱ्याच आधी आली. मी टाळ्या वाजवल्या तर बाई ओरडल्या, "आधी उजवा गाल करा! नंतर आनंद करा!"

* * *

कॉलेजात शिकवणाऱ्या वानखेडे मॅडम नागपूरच्या. लेझर करून गेल्या आणि काही दिवसांनी सकाळीच फोन.

"दीदी, माझा चेहरा गळून राहिला!"

मी समजावलं, "मॅडम, वरची जळालेली कातडी पडणारच, तसं सांगितलं होतं ना. फक्त ओढू नका."

"मी काहून ओढू, बाप्पा? नात ओढून राहिली! तिला वाटते आजी नवीन आणली, वरची प्लॅस्टिकची पन्नी काढायची राहून गेली!"

* * *

सगळेच किस्से हसण्यासारखे नसतात. कमानिया गेटजवळ दुकान असलेल्या घरातल्या एक भाभीजी होत्या. "ऊन बिलकुल नको," असं आम्ही परत परत बजावलं होतं. पण घरची पूजा निघाली, सासूबाईंना नाही म्हणता आलं नाही, आणि भाभीजी भर दुपारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर उघड्या चेहऱ्यानं बसल्या. दोन्ही गालांवर काळे डाग आले.

त्यांचा नवरा वेटिंग रूममध्ये उभा राहून ओरडला, "चेहरा बिगाड़ दिया आपने!" बाकीचे पेशंट गुपचूप चपला घालून निघून गेले.

मॅडमनी मलमं दिली, परत परत बोलावून तपासलं. सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी विचारायच्या, "मोबाइलवर भाभीजींचा फोटो आला का?" फोन वाजला की मीही आधी त्यांचा नंबर आहे का बघायचे. डाग जातात, पण या वेळी गेले नाहीत तर?

पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर भाभीजी खोव्याची जलेबी घेऊन आल्या. तोंडाला बांधलेली ओढणी सोडली. गाल स्वच्छ! मॅडमनी त्यांची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, बघितला, आणि मटकन स्टुलावर बसल्या.

भाभीजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मैडम, आप तो मुझसे भी ज़्यादा बूढ़ी हो गईं!"

* * *

आणि अधारतालच्या मेश्राम काकू. साधी सुती साडी, हातात पिशवी, पिशवीत त्यांच्याच लग्नाचा फ्रेम केलेला फोटो. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. आता त्यांना काही आठवत नाही.

"दिवसभर हा फोटो घेऊन बसतात जी," काकू म्हणाल्या. "मलाच विचारतात, बाई, ही माझी बायको कुठं गेली? मी सांगतो, मीच आहो. तर हसतात. म्हणतात, तुम्ही तर म्हाताऱ्या आहा."

मॅडमनी फोटो बराच वेळ हातात धरला. "काकू, लेझरनं हा चेहरा परत येत नाही. रेषा थोड्या कमी होतील, बस."

"माहीत आहे जी. पण एक बार करून पाहू द्या."

मॅडमनी त्या दिवशी त्यांना परत पाठवलं. काकू पुन्हा आल्या. तेव्हा मॅडमनी हलकंसं लेझर केलं. मी काकूंचा हात धरला होता.

तपासणीच्या दिवशी त्या काकांना सोबत घेऊन आल्या. काकूंच्या चेहऱ्यावर थोडी सूज होती, लाली होती, त्या सुजेनं डोळ्यांखालचं, कपाळावरचं सगळं गुळगुळीत झालं होतं. केसात त्यांनी फूल माळलं होतं. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

काकांनी काकूंकडे नीट बघितलं. मग खोलीभर बघितलं, खुर्चीच्या मागे बघितलं, आणि कावरेबावरे होऊन म्हणाले,

"काहून जी, त्या रोजच्या म्हाताऱ्या बाई कुठं गेल्या?"

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

"येतील जी," त्या म्हणाल्या. "थोडा टाइम लागेल."