निधान री, निधान

उजव्या हाताचा तळवा जमिनीकडे करायचा, रडक्या पोराला थोपटावं तसं हवेतच थोपटायचं आणि म्हणायचं, "निधान, निधान." आमच्या समोरच्या घरातले अण्णा हे कुणालाही म्हणत. फाटक धाडकन उघडणाऱ्या दूधवाल्याला, केलगेरीच्या तळ्यावर तरातरा चालणाऱ्या मला, आणि शेवटी शेवटी तर कॉम्प्युटरलासुद्धा. निधान म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. आमच्या धारवाडात हे कुणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगून ठेवते, कारण पुढे या शब्दानं एक गंमत केली.

खरं तर हा माणूस मुळात सावकाश नव्हताच. सरकारी कचेरीत नोकरीला होते तोवर अण्णांची स्कूटर गल्लीत शिरली की कुत्रीसुद्धा बाजूला होत. हात थोपटून "निधान री" म्हणायच्या त्या मागे बसलेल्या अक्का, त्यांची बायको. 'री' म्हणजे आपलं 'अहो'. अक्का गेल्या आणि तो हात अन् तो शब्द अण्णांकडे आला. 'री' तेवढा गळला. अक्कांचा तो नवऱ्यासाठी होता, अण्णांनी तो कुणाला म्हणायचा?

कॉम्प्युटरवरचा खेळही अक्कांचाच. मुलगा कॉलेजात असताना घरी ठोकळ्यासारखा एक कॉम्प्युटर आला होता. मुलानं त्यावर काय अभ्यास केला देव जाणे, पण अक्का एक खेळ शिकल्या. टोपीवाला चिमुकला गडी शिड्या चढायचा, सोन्याची मडकी गोळा करायचा आणि दारातून बाहेर पडायचा. अण्णा कचेरीतून आले की अक्का चहाचं आधण ठेवत आणि तेवढ्यात एक डाव खेळत. अण्णा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडत, "चहा उतू चालला!" अक्का मान न वळवता म्हणत, "निधान री, निधान." गडी दाराबाहेर पडे, अक्का उठत आणि काठाला आलेला चहा खाली उतरवत. कधी म्हणून उतू गेला नाही, असं अण्णा सांगत. नवऱ्यांच्या असल्या साक्षीवर माझा एरवी विश्वास नसतो, पण ही खरी वाटायची.

तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. अक्का गेल्यानंतर कपाट आवरताना खेळाची फ्लॉपी सापडली आणि अण्णांनी ध्यासच घेतला. कमरीपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यानं फ्लॉपीतला खेळ पेनड्राइव्हवर काढून दिला. मुलानं नाशिकहून पाठवलेल्या लॅपटॉपनं मात्र तो चालवायला साफ नकार दिला. मग मुलानं फोनवरून सांगत एक प्रोग्रॅम घालायला लावला. हा प्रोग्रॅम नव्या मशीनमध्ये जुन्या मशीनचं सोंग आणतो आणि खेळ बिचारा फसतो.

खेळ सुरू झाला तेव्हा मी तिथंच होते. गडी दिसला आणि दिसेनासा झाला. शिडीवर चढला कधी, पडला कधी, काही पत्ता नाही.

"बघा बाई, पळालाच की तो!" अण्णा ओरडले, आणि पडद्यासमोर तळवा थोपटायला लागले. "निधान, निधान."

जुन्या खेळांचं असंच असतं म्हणे. मशीन जितकं पळेल तितका खेळ पळतो. दोन बटणं दाबून वेग कमी-जास्त करता येत होता, पण किती कमी करायचा? फार केला की गडी रांगायला लागे. मुलगा फोनवर वैतागला, "बाबा, खेळता येईल इतका ठेवा की. अगदी तोच वेग कशाला पाहिजे?"

अण्णा फोन ठेवून मला म्हणाले, "फोटो आहेत की बाई, ढीगभर आहेत. पण त्यात ती हलत नाही. ती खेळायची तसा एकदा बघायचाय मला, त्याच वेगानं."

माप एकच होतं, चहा. आधण ठेवून अण्णा खेळायला बसत. कधी गडी लवकर पोचे, कधी चहा. मग वेग बदलायचा आणि पुन्हा आधण. त्या दिवसांत आमच्या गल्लीत चहाचा पूर आला होता. "अण्णा, साकु हो, आता नको," असं कळवळून म्हणायची मी, आणि कप हातात घ्यायची.

एकदा जमलं. गडी दारात आणि चहा काठावर, दोन्ही एकदम. मी टाळ्या वाजवल्या. अण्णा मात्र पडद्याकडेच बघत होते. "नाही बाई. हा घाईत आहे. ती अशी नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचं फाटक धाडकन वाजलं. "अय्यो बाई, केवढा गाढव मी! तेव्हा चहा गॅसवर कुठं होत होता? सिलिंडर पुरवायचा म्हणून ती वातीच्या स्टोव्हवर करायची की!"

स्टोव्ह माळ्यावर निघाला. रॉकेल काही मिळेना. शेवटी अळणावरकडच्या एका खेड्यात ओळखीच्या घरी बाटलीभर उरलेलं होतं, ते अण्णा तीर्थ आणावं तसं छातीशी धरून घेऊन आले.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "तुम्ही चहाकडे बघा, मी याच्याकडे बघतो." मी सांडशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. गडी आता धावत नव्हता, रेंगाळतही नव्हता. प्रत्येक शिडीपाशी जरा थांबत होता. रॉकेलचा वास घरभर पसरला होता. अण्णांच्या पाठीपलीकडे पडद्यावर शेवटचं मडकं दिसलं, इकडे चहा वर यायला लागला, आणि मी आपली सवयीनं ओरडले, "अण्णा, चहा उतू चालला!"

मान न वळवता त्यांनी तळवा थोपटला. "निधान री, निधान."

'री' त्यांच्याच तोंडून निघाला होता. त्यांनाही तो ऐकू आला. थोपटणारा हात हवेतच थांबला. गडी दारासमोर उभा राहिला, चहा फसफसून उतू गेला, स्टोव्ह विझला, आणि माझ्या हातातली सांडशी हातातच राहिली.

"अशीच होती, बाई," अण्णा म्हणाले. "अगदी अशीच." आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. मुलगा आणि सून घर आवरायला आले होते. सून नाशिकची, तिला कन्नड येत नाही. लॅपटॉप उघडून ती म्हणाली, "बाबांनी या खेळाला किती छान नाव दिलंय, निधान! म्हणजे ठेवा ना? खजिना?"

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो गं. ठेवाच."

लॅपटॉप नाशिकला गेला. समोरचं घर आता बंद असतं. संध्याकाळी मी आधण ठेवते आणि खिडकीपाशी उभी राहते. चहा वर येतो, मला दिसतो. तरी गॅस बंद करायच्या आधी मी समोरच्या बंद दाराकडे बघून मोठ्यानं म्हणते, "अण्णा, चहा उतू चालला!" आणि उत्तराची वाट बघते.

ओटा रोज पुसावा लागतो.