टाचेवरचा बिब्बा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एकीला सांगितलं, पण तिला ते पटलं नाही. आणि जिला पटायला हवं तिलाच पटलं नाही, तर सांगितलं असं म्हणता येतं का? म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. शाळेत खेळ शिकवते. माझ्या उजव्या टाचेला मेलॅनोमा झाला — कातडीचा कर्करोग. आपल्याकडे तो असा तळपायालाच जास्त सापडतो, असं डॉक्टर म्हणाले. तो कापून काढला, तिथं मांडीची कातडी लावली. पुढे तो फुप्फुसात निघाला. सध्या थांबला आहे. ‘गेला’ असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. ठरलेल्या दिवशी जाऊन सलाईनमधून औषध घेते, घरी येऊन झोपते, अंगातला जडपणा उतरला की मैदानावर जाऊन शिट्टी वाजवते. रडत बसायला वेळ नाही, आणि ते मला जमतही नाही.

फक्त एक आहे. त्या लावलेल्या कातडीला स्पर्श कळत नाही. चालताना एक पाय जमिनीवर पडतो आणि दुसरा कुठे पडतो ते मला पाहावं लागतं. पहाटेच्या अर्धवट झोपेत चालल्यासारखं. असलं बोलायची मला सवय नाही, पण याला दुसरा शब्द सापडत नाही.

दर हिवाळ्यात आम्ही साताऱ्याला जमतो आणि यवतेश्वरचा घाट चालत चढतो. त्यासाठी लोक देणगी देतात; जमलेला पैसा इथून मोठ्या शहरात कर्करोगाच्या उपचाराला जाणाऱ्यांच्या प्रवासाला आणि राहण्याला जातो. पहिल्या वर्षी आम्ही घरचेच होतो — मी, माझा नवरा विलास, आमची लेक. आता घाटाचं पहिलं वळण माणसांनी भरतं. सकाळी धुकं असतं. खाली सातारा दिसत नाही, फक्त कुठून तरी एखादा हॉर्न वर येतो. लेक माझ्या डाव्या बाजूला चालते, विलास उजव्या, आणि कितीदा मनात येतं की हा रस्ता संपू नये, असंच ढगात चढत राहावं. पण निघण्याआधी माईक माझ्या हातात येतो आणि मला माझी गोष्ट सांगावी लागते.

ती गोष्ट खोटी आहे.

सगळी नाही. एक वाक्य खोटं आहे. पण बाकीची गोष्ट त्याच वाक्यावर उभी आहे.

बिब्बा तुम्हाला माहीत असेल. काळं, चपटं, टणक बी. पायात काटा मोडला, कुरूप झालं, की आमच्या भागात बिब्बा सुईला टोचून जाळावर धरतात, आणि चरचरत बाहेर येणारं तेल त्या जागेवर टेकवतात. कातडी भाजते, काळी पडते. तो डाग महिनेन्महिने राहतो.

आजार कळला त्याच्या आधीच्या मे महिन्यात मी रहिमतपूरला होते, सासूबाईंकडे. आत्याबाई म्हणते मी त्यांना. टाचेवर काळा ठिपका होता. काटा मोडला असेल, कुरूप धरलं असेल, असं म्हणत मी बरेच दिवस काढले होते. आत्याबाईंना म्हटलं, बिब्बा घाला. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला, अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“बिब्बा नगं,” त्या म्हणाल्या. “ह्ये कुरूप न्हाई वाटत मला. सांगलीत ढीगभर डाक्टर हायत, एकाला दाव की.”

मी हसले. म्हटलं, पोरांचे पाय बघण्यात माझा जन्म गेला, मला कुरूप कळत नाही का?

“तुला समदं कळतं,” त्या म्हणाल्या. “तरी दाव.”

दुपारी त्या पडल्या होत्या. पंख्याचा आवाज, पत्र्यावर ऊन, सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं निपचित. मी डब्यातून बिब्बा काढला, गॅस लावला, आणि टाचेवर स्वतःच्या हातानं घातला.

का? इथे मला ‘चूक झाली’ असं म्हणायला आवडलं असतं. पण चूक नव्हती. ठिपक्याची कड पसरलेली मला दिसत होती. आंघोळीला बसले की रोज दिसत होती. बिब्बा घातला की सगळंच काळं होणार होतं — ठिपकाही आणि त्याची कडही. मग बघायचं काही उरणार नव्हतं. मला कुरूप जाळायचं नव्हतं. मला तो ठिपका दिसायला नको होता.

वासानं आत्याबाई उठल्या. दारात उभ्या राहून त्यांनी पाहिलं. सुकं खोबरं घेतलं, पाट्यावर वाटलं, आणि जमिनीवर बसून माझ्या टाचेला लावलं — बिब्बा उतू नये, अंगावर फोड उठू नयेत म्हणून. त्यांचा हात थंड होता. तेव्हा टाचेला स्पर्श कळत होता.

पुढचे कितीतरी महिने मी सगळ्यांना सांगत राहिले, बिब्ब्याचा डाग आहे, जाईल. मग एकदा मैदानावर मोजा रक्तानं भिजला आणि विलासनं मला उचलून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टाच बघितली आणि विचारलं, हे भाजलेलं कशानं? कुणी केलं हे? विलास शेजारीच बसला होता. घरात ज्याला-त्याला वेळेवर दवाखान्यात ढकलणारी मी. पोरांना रोज ओरडणारी — लागलं तर लपवू नका. आणि विचारणारा माणूस माझ्याकडे बघत होता.

“सासूबाईंनी,” मी म्हणाले.

एवढंच. किती सोपं होतं ते! कुणी उलट विचारलं नाही. कुणाला खोटं का वाटेल?

त्या संध्याकाळी विलासनं आईला फोन केला. मी आतल्या खोलीत होते, मला त्याचीच बाजू ऐकू येत होती. तुला कुणी सांगितलं होतं हा उद्योग करायला, असं तो म्हणाला. मी वाट पाहत होते — आता त्या सांगतील, मी नाही, तिनंच. फोन ठेवून तो आत आला आणि म्हणाला, काहीच बोलली नाही.

ऑपरेशननंतर त्या आल्या तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं त्यांनी. सरळ. रागानं नव्हे. एखादं भांडं कुठे ठेवलं ते आठवत असावं, तसं. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ते चालतं.

मग मी ती गोष्ट माईकवर सांगायला लागले. नाव घेत नव्हते — ‘घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी’. पण रहिमतपूरला सगळ्यांना कळलं. गल्लीत बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला आत्याबाईंनाच बोलवायचे. ते बंद झालं. विलास दर महिन्याला जायचा, तो सणापुरता जायला लागला; गेला तरी अंगणात बसून चहा पिऊन यायचा. आणि मी? मी घाट चढत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

अलीकडे आत्याबाईंना विसरायला होतं. या वर्षीच्या चालण्याआधी मी एकटीच रहिमतपूरला गेले. त्या ओसरीवर उन्हात होत्या. मला बघून हसल्या, मग पायाकडे नजर गेली आणि चेहरा पडला.

“दाव पाय,” म्हणाल्या.

मी बूट काढला, मोजा काढला. त्यांनी पाय मांडीवर घेतला. “ह्या हातानं झालं गं,” त्या म्हणाल्या. “मीच घातला बिब्बा. म्या म्हातारीला काय कळत नव्हतं.”

त्यांना ते आठवत होतं. खोबरं लावणारा हात आठवत होता, टाच आठवत होती, आणि मधली जागा आमच्या सांगण्यानं भरून निघाली होती.

मी सांगितलं. तिथेच, लगेच. आत्याबाई, तुम्ही नाही. तुम्ही नको म्हणाला होता. तुम्ही झोपला होता, मी घातला.

त्यांनी माझा चेहरा न्याहाळला. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

“मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस,” त्या म्हणाल्या. “लय गुणाची हायस.”

आणि खोबरेल तेलाची वाटी ओढून त्या टाच चोळायला लागल्या. टाचेला काही कळत नव्हतं. त्यांची बोटं गोल-गोल फिरताना मी फक्त पाहत होते, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी. मी पाय मागे घेतला नाही. ऊन ओसरीवरून खाली उतरेपर्यंत तशीच बसले.

गेल्या रविवारी माईक हातात आला. पाणी प्या, सावकाश चढा, वळणावर एका कडेनं चाला — एवढंच बोलले. गोष्ट सांगितली नाही. खोटं बोलले नाही, आणि खरंही बोलले नाही. धुक्यात कुणाला फरक कळला नाही. विलास वरपर्यंत माझा हात धरून चालला.

बिब्बा मी घातला. आत्याबाई नको म्हणाल्या होत्या. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं, आणि नंतर दर वर्षी, मोठ्यानं.

तुमच्या आधी हे विलासला कळायला हवं होतं. तो बाहेर माझे बूट उन्हात ठेवतोय. मी त्याला हाक मारते आहे.