नीमाचा व्हिसा, रामाजींचं मीटर

आमच्या शेजारच्या वच्छलाबाई खोरगडे काही दिवस टांझानियाच्या नागरिक होत्या. हा घोळ मी केला.

त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या नीमाचा विद्यार्थी व्हिसा मार्चअखेर संपत होता. तो वाढवून घ्यायचा ऑनलाइन अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. मी रिटायर आहे आणि घरात लॅपटॉप आहे, एवढ्या दोन गुन्ह्यांची ही शिक्षा. अर्ज भरणं म्हणजे एका हट्टी म्हशीला जिना चढवणं. फोटो टाकला की म्हणे फाईल मोठी आहे. लहान केली की म्हणे फार लहान आहे. मधल्या मापाची करेपर्यंत पान आपलं आपण बंद. तिसऱ्या दिवशी वैतागून मी डोळे मिटून बटणं दाबत सुटलो. अर्जदाराचा फोटो एका जागी टाकायचा होता, घरमालकाचा दुसऱ्या. दोघींनी ते बेसा चौकातल्या एकाच स्टुडिओत, एकाच निळ्या पडद्यासमोर काढले होते. व्हायचं ते झालं. अर्जात नाव नीमा म्वाकासेगे, वय चोवीस, देश टांझानिया. आणि फोटोत डोक्यावर पदर घेतलेल्या, फोटोवाल्याने काहीतरी चोरलंय अशा नजरेनं बघणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या वच्छलाबाई.

व्हिसाच्या ऑफिसातून निरोप आला. फोटो अर्जदाराशी जुळत नाही, घरमालकासह समक्ष यावं.

"मले टांझानियाले धाडता का आता?" वच्छलाबाईंनी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं.

"चूक झाली हो माझी."

"चूक तं झालीच. इतके शिकले, एक बाई ओळखू नाई आली तुमाले!"

ही बाई गेली तीस वर्षं मला असंच बोलत आली आहे. या बेसा भागात शेतं होती आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे, तेव्हा त्यांचे यजमान रामाजी यांनी इथे प्लॉट घेतला. रामाजी लकडगंजमध्ये लाकडं चिरायच्या एका आरामशीनवर मुनीम होते. घर बांधलं, पण वीज नव्हती. विजेचा खांब दोन शेतं पलीकडे. रामाजींनी मग वीज ऑफिसाच्या इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई त्यांना न विचारता पाणी आणून द्यायचा. शेवटी मीटर बसलं, त्या दिवशी वच्छलाबाईंनी त्या मीटरला हळदकुंकू वाहिलं. शपथेवर सांगतो, मी पाहिलंय.

रामाजी जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा जितेंद्र पुण्यात. घर बाईंच्या नावावर झालं, घरपट्टी झाली, पण लाइटचं बिल अजून 'रामाजी किसनाजी खोरगडे' याच नावानं येत होतं. जितेंद्रनं समजावलं, मीही दोनदा समजावलं. उत्तर एकच. "त्यायच्या नावानं आता दुसरं काई येते का घरी?" बिल आलं की त्या चष्मा लावून आधी नाव वाचायच्या, मग आकडा, आणि मग आकड्यावरून नीमाच्या नावानं ओरडायच्या.

नीमा इथल्या एका कॉलेजात एम. फार्म. करायला आली होती. दोन वर्षांपूर्वी खोली बघायला आली तेव्हा वच्छलाबाईंना वाटलं, नाव नीमा आहे म्हणजे पोरगी इकडचीच असेल, उन्हातान्हात फिरून रापली असेल. मग कळल्यावरही शब्द मागे घेतला नाही. पण तिची तक्रार मात्र माझ्याकडे रोज. पोट्टी रविवारी सकाळी मोठ्यानं देवाची गाणी म्हणते. पोट्टी रात्रभर कूलर चालू ठेवते. पोट्टी केस धुते तं टाकी खाली होते. "मार्च संपला का सुटली मी," हे त्या दिवसातून एकदा म्हणायच्याच.

नीमाला मराठी आली ती सगळी वच्छलाबाईंच्या ओसरीवर. त्यामुळे तिची मराठी ऐकून पुण्याचा जितेंद्र एकदा फोनवर म्हणाला, "आई, तू आवाज का बदललास?"

एक गुण मात्र बाईंनी कबूल केला होता. तिच्या देशात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा लाकडी दांड्यानं घाटून घाटून शिजवतात आणि तेच रोजचं जेवण. गेल्या उन्हाळ्यात कुरडयांच्या वेळी गव्हाचा चीक शिजायला ठेवला. चीक घट्ट होत जातो, हात थांबला की गाठी. वच्छलाबाईंचा खांदा दुखतो म्हणून शेजारधर्माला जागून मी दांडा हातात घेतला. थोड्याच वेळात पातेल्यात लिंबाएवढ्या गाठी झाल्या आणि माझ्या दंडात त्याहून मोठी. नीमानं मला बाजूला केलं, पातेलं पायांच्या मधे धरलं आणि असा काही दांडा फिरवला की चीक आरशासारखा. त्या वर्षीच्या कुरडया तळल्यावर मोगऱ्यासारख्या फुलल्या. वच्छलाबाईंनी त्या नातेवाइकांत वाटल्या आणि कोणी केल्या ते सांगितलं नाही.

तर ही नीमा. तिच्या गाइडबाईंचं ऑपरेशन निघालं आणि तोंडी परीक्षा जूनवर गेली. व्हिसा मार्चअखेर. वाढला नाही तर डिग्रीशिवाय परत जायचं. तिच्या आईनं गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी औषधांची मोठी शास्त्रज्ञ होऊन येणार. नीमा दोन दिवस गाणं म्हणाली नाही. वच्छलाबाईंना तेही खटकलं. "आता काहून गप बसून राहिली वं? घर सुनंसुनं लागते."

व्हिसाच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो. तिथले साहेब दिवसभर लोकांचे कागद बघून दमलेले, पण बोलायला बरे. त्यांनी अर्जातला फोटो पाहिला, वच्छलाबाईंकडे पाहिलं, नीमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ. मी खिडकीकडे पाहिलं. नवा फोटो तिथेच घेतला. मग त्यांनी नीमाला इंग्रजीत काही विचारलं.

नीमा म्हणाली, "परीक्षा समोर गेली माझी. मले जुलैपर्यंत राहू द्या ना गा साहेब."

साहेबांचं पेन हातातच राहिलं.

"साहेबाले गा म्हणते का वं?" वच्छलाबाई तिच्यावर ओरडल्या. "जी म्हनाव! इतकं शिकवलं, मातीत घातलं!"

साहेबांनी हसू आवरून पुढचे कागद काढले. कॉलेजचं बोनाफाईड ठीक. भाडेकरार ठीक. लाइट बिलावर त्यांचं बोट थांबलं. "घरमालक तुम्ही ना? करारावर वच्छला, बिलावर रामाजी. यांना घेऊन या."

"त्यायले आणता आलं असतं," बाई म्हणाल्या, "तं मी तुमच्यापाशी आली असती का?"

साहेब खाली बघून म्हणाले, "माफ करा, आजी. पण पत्त्याचा पुरावा घरमालकाच्याच नावाचा लागतो. नाव बदलायला टाका, अर्जाची पावती आणली तरी चालेल. पण मुदतीच्या आत आणा."

मुदत म्हणजे शनिवार-रविवार धरून चार दिवस. ऑटोत वच्छलाबाई अख्ख्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणजे वर्धा रोडच्या ट्राफिकलाही बोलल्या नाहीत, यावरून समजा. मी मनात दुसरा मार्ग शोधत होतो; नीमाला दुसरीकडे खोली, माझ्याच घरी, काहीतरी. कारण या बाईसमोर बिलावरचं नाव काढायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. वच्छलाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून उभ्या. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मृत्यूचा दाखला, घरपट्टी, आणि जितेंद्रनं रातोरात फोनवर पाठवलेल्या ना-हरकतीची छापील प्रत.

"जितूले सांगतलं, कागद धाडून दे, काहून म्हणून इचारू नको. चला आता. आन् फॉर्म मी भरीन, तुमी नुसतं पेन द्या."

वीज ऑफिसात खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "नाव बदलायचं कारण?"

"मानूस वारला."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

"अकरा? मग इतके दिवस का नाही केलं, आजी?"

"घाई नोती."

मुलीनं शिक्का मारला. पावती घेताना वच्छलाबाईंचा हात जरा खिडकीतच रेंगाळला. मग त्यांनी ती घडी न घालता पिशवीत ठेवली आणि मला म्हणाल्या, "पाहून काय राहिले? ऑटो थांबवा ना."

पावती त्याच दुपारी साहेबांकडे पोचली. मुदत संपायच्या संध्याकाळी नीमाच्या फोनवर उत्तर आलं, जुलैअखेरपर्यंत मुक्काम मंजूर. ती जिन्यावरून ओरडत खाली आली आणि तिनं वच्छलाबाईंना उचललंच. अक्षरशः जमिनीपासून वर.

"ठेव वं मले खाली! कंबर मोडते!" आणि खाली टेकल्यावर पदर सारखा करत, "जुलै म्हणजे अजून चार मयने हे गाणे आयकाचे का मी? आन् कूलर?"

एप्रिलात नवं बिल आलं. मी भिंतीशी उभा होतो. वच्छलाबाईंनी चष्मा लावला, नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते बिल माझ्यापुढे धरून बोट ठेवलं. वच्छला रामाजी खोरगडे.

"हे पाहा," त्या म्हणाल्या, "मधात हायेतच."

आता अंगणात गहू भिजत होते, नीमा त्यांचं पाणी बदलत होती आणि बाईंचा सूर बरा होता. अशी संधी पुन्हा येत नाही, म्हणून मी विचारून टाकलं. "वच्छलाबाई, पोटच्या पोरानं सांगितलं तरी अकरा वर्षं ऐकलं नाहीत, आणि जिच्यापासून मार्चअखेर सुटायचं होतं तिच्यासाठी एका रात्रीत हे केलंत. काहून?"

"मंग कुरोड्यायचा चीक कोण घाटीन, तुमी?"